फळमाशीचा स्टॉक सारखा बसतोय? कुठून तपासायला सुरुवात करायची

जून लागला की कुणीतरी हातात वायल, म्हणजे माश्या वाढवायची छोटी काचेची नळी, घेऊन माझ्या टेबलाशी येतं. आत चार-दोन मेलेल्या माश्या, फूडवर (माश्यांच्या खाद्यावर) करडी बुरशी, कडेला एखाददुसरा कोष. "ताई, मागच्या महिन्यापर्यंत छान चालला होता हो हा स्टॉक." पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं फळमाश्या सांभाळते आहे आणि बसलेले, म्हणजे मरत चाललेले, स्टॉक उभे करण्यात माझा बराच वेळ जातो. दरवेळी तीच उत्तरं तोंडी सांगते, म्हणून या वेळी सगळं लिहून काढलं.

स्टॉक म्हणजे एका ठरावीक जनुकीय वाणाच्या, वायलमध्ये सांभाळलेल्या माश्या. इथे फळमाशी म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या, घरात आपण ज्यांना चिलटं म्हणतो त्यांतलीच ही तीनेक मिलिमीटरची माशी. आंब्याला डंख मारणारी, बागायतदार जिच्यासाठी सापळे लावतात ती बॅक्ट्रोसेरा. तिचा इथे संबंध नाही.

स्टॉक गेला तर एवढं हळहळायचं का, असं नवीन मुलं विचारतात. कृमींचे स्टॉक उणे ८० अंशांवर गोठवून ठेवता येतात, उंदरांचे भ्रूणही गोठवतात. माशीचे भ्रूण गोठवायच्या पद्धती अलीकडे निघाल्या आहेत, पण रोजच्या कामात माशीचा स्टॉक जिवंतच ठेवावा लागतो, एका वायलमधून दुसरीत, पिढ्यान्‌पिढ्या. १९१० मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. ते उत्परिवर्तन (जनुकातला बदल) आजही जिवंत आहे, कारण शंभराहून जास्त वर्षं कुणी ना कुणी वेळेवर वायल बदलत आलं आहे. तुमच्या हातातला स्टॉकही असाच कुणीतरी तुमच्यापर्यंत आणलेला असतो.

आधी लक्षणं नीट बघा

वायल उजेडाकडे धरा, मग भिंगाखाली. नुसतं "मेल्या" म्हणून भागत नाही. पुढच्यापैकी काय दिसतं ते तारखेसकट वहीत लिहा:

- अंडी आहेत, पण फुटत नाहीत.
- अंडीच नाहीत किंवा अगदी तुरळक आहेत.
- अळ्या होतात, पण लहानपणीच मरतात किंवा फूड सोडून भिंतीवर चढतात.
- फूडवर चकचकीत, सुई लावली तर तार सुटेल असा थर आहे.
- करडी, हिरवी किंवा काळी बुरशी आहे.
- कोष काळे पडतात, माशी बाहेर येत नाही.
- वायलच्या तोंडाशी, प्लगजवळ काचेवर पांढरट भुकटी आहे आणि ती हलते.
- माश्या भरपूर आहेत, पण डोळे, पंख किंवा केस अपेक्षेप्रमाणे नाहीत.

वेळापत्रकही डोळ्यांसमोर हवं. २५ अंशांवर अंडं साधारण एका दिवसात फुटतं. पाचव्या दिवसाच्या आसपास मोठ्या अळ्या भिंतीवर चढू लागतात आणि दहाव्या दिवशी नवीन माश्या निघतात. १८ अंशांवर या सगळ्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दहाव्या दिवशी वायल रिकामी दिसली म्हणून धावत आलेल्या तिघांच्या वायल मी परत १८ अंशांच्या कपाटात ठेवायला लावल्या आहेत. स्टॉक ठणठणीत होते.

पहिल्याच दिवशी एक वाइल्ड टाइप वायल लावा

बाकी काही करण्याआधी हे करा. कँटन-एस किंवा ओरेगॉन-आर, तुमच्याकडे जो वाइल्ड टाइप (उत्परिवर्तन नसलेला साधा स्टॉक) असेल त्याच्या दहा माद्या आणि पाच नर घ्या. ज्या बॅचच्या फूडवर तुमचा स्टॉक बसला त्याच बॅचच्या वायलमध्ये घाला आणि त्याच रॅकमध्ये शेजारी ठेवा.

दोन्ही वायल बसल्या तर दोष फूडमध्ये, तापमानात किंवा हवेत आहे. वाइल्ड टाइप जोमात आणि तुमचाच स्टॉक मरतोय, तर दोष स्टॉकमध्ये आहे. ही एक वायल नसेल तर माणूस आठवडाभर अंदाज बांधत बसतो, एकाच वेळी फूड बदलतो, तापमान बदलतो, प्लग बदलतो आणि शेवटी कशाने बरं झालं तेच कळत नाही. उत्तर यायला दहा दिवस लागतात, म्हणून ही वायल पहिल्या दिवशी लावायची आणि तोवर खालच्या तपासण्या करायच्या.

फुकटातल्या तपासण्या

लेबल वाचा. शेवटचं फ्लिप, म्हणजे माश्या नव्या वायलमध्ये हलवणं, कधी झालं? म्हाताऱ्या माद्या कमी अंडी घालतात. तीन आठवड्यांच्या माश्या नव्या वायलमध्ये टाकून भरभरून अळ्यांची वाट बघू नये. पालक माश्या किती घातल्या तेही बघा. अशक्त उत्परिवर्ती स्टॉकच्या दोन-तीन माद्या मोठ्या वायलमध्ये सोडल्या तर अळ्या इतक्या थोड्या होतात की फूड उकरलंच जात नाही. उलट शंभर माश्या कोंबल्या तर अळ्यांची दाटी होते, फूडचा चिखल होतो आणि त्यातच त्या मरतात.

मग एक प्रश्न विचारायचा, आणि तो प्रयोगशाळेबाहेर जाऊन: इमारतीत औषध फवारणी झाली का? एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तर एका बाजूच्या रॅकमधल्या सगळ्या वायलच्या तळाशी माश्या पाय वर करून पडलेल्या. आम्ही दोन दिवस फूड तपासत होतो. शेवटी सफाईच्या काकांनी सांगितलं की सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात झुरळांचं औषध मारलं होतं. झुरळाला मारणारं औषध माशीलाही मारतं. मच्छर अगरबत्ती, कॉइल, भिंतीत लावायचं लिक्विड यांतलं काहीच फ्लाय रूममध्ये किंवा तिच्या दाराशी नको. फवारणीची तारीख आधी कळेल अशी व्यवस्था करून ठेवा.

भिंगाखाली बघण्यासाठी माश्या बेशुद्ध करण्याची पद्धतही बघून घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माश्या अर्धा-अर्धा तास पडून राहिल्या तर नंतर त्या धड वीण करत नाहीत. झोपलेल्या माश्या उभ्या वायलमध्ये टाकल्या की ओल्या फूडला चिकटून मरतात. वायल आडवी ठेवा, माश्या उठून चालायला लागल्या की मगच उभी करा. नव्या मुलांच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच थांबतात.

तापमान: आकड्यावर विश्वास ठेवू नका

इनक्यूबेटरच्या दारावरचा आकडा हा त्याच्या सेन्सरपाशी असलेल्या तापमानाचा असतो. तुमची वायल वरच्या कप्प्यात मागे असते. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत साधा थर्मामीटर बुडवून वायलच्या शेजारी रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. हवेतला थर्मामीटर दार उघडताच बदलतो, पाण्यातला खरं सांगतो. आमच्याकडे एकदा वरच्या आणि खालच्या कप्प्यात तीन अंशांचा फरक निघाला होता.

ही तपासणी एवढी महत्त्वाची का? ३० अंशांच्या आसपास आणि त्यावर नर वांझ होतात. माश्या मरत नाहीत, उडतात, फिरतात, माद्या अंडीही घालतात, पण अळ्या होत नाहीत. मे महिन्यात शनिवार-रविवार वीज गेली आणि एसी बंद पडला की पुढच्या आठवड्यात नेमकं हेच दिसतं. सुदैवाने २५ अंशांवर परत आणल्यावर काही दिवसांनी नर सावरतात, म्हणून माश्या फेकू नका.

अंड्यांकडे बघूनही बरंच कळतं. अंडं घातल्यावर दीड-दोन दिवसांनी फूडचा पृष्ठभाग भिंगाखाली घ्या. न फुटलेली अंडी पांढरीच राहिली असतील तर ती बहुधा फलितच झालेली नाहीत, म्हणजे नरांकडे बघा. तपकिरी पडली असतील तर भ्रूण वाढायला लागून आत मेला आहे. मग जनुकीय कारण किंवा विषारी फूड यांच्याकडे वळा. तांदळाच्या कणीहूनही बारीक, पुढे दोन शेंड्या असलेलं ते अंडं ओळखायला शिका. अर्धं निदान तिथेच होतं.

काही स्टॉकचा स्वभावच तापमानाचा असतो. ऊब वाढली की लुळे पडणारे उत्परिवर्ती असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबैद सिद्दिकी आणि अमेरिकेतले सीमोर बेंझर यांचं १९७६ चं गाजलेलं काम अशाच माश्यांवर होतं. असा स्टॉक २५ वर ठेवावा की १८ वर, हे ज्यांनी दिला त्यांना विचारून लेबलवर लिहा.

फूड

आता थोडा खर्च आणि थोडी मेहनत. आमच्याकडे एक लिटरला ८० ग्रॅम मक्याचं पीठ, ४० ग्रॅम साखर, २० ग्रॅम ग्लुकोज, १५ ग्रॅम यीस्ट आणि ८ ग्रॅम अगार घेतात. खाली उतरवून निवल्यावर ४ मिली प्रोपिऑनिक आम्ल, थोडं ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला टेगो (बुरशीरोधक). तुमची कृती वेगळी असेल, पण चुका त्याच असतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रटरटत्या फूडमध्ये आम्ल ओतणं. बरंचसं वाफेबरोबर उडून जातं आणि उरतं ते बुरशी रोखायला पुरत नाही. ६० अंशांच्या आसपास आलं की घाला आणि तळापासून ढवळा, नाहीतर एका वायलमध्ये दुप्पट आणि दुसरीत काहीच नाही असं होतं. आमच्याकडे फूड करणाऱ्या मावशींनी एकदा दारातूनच सांगितलं, "ताई, आज त्या आम्लाचा वास डोळ्यांत नाही गेला. घातलंय ना नक्की?" घातलं नव्हतं. चारशे वायल वेळेत बाजूला काढल्या. तेव्हापासून मावशींना विचारल्याशिवाय मी कुठल्याही बॅचवर शिक्का मारत नाही.

ओतलेल्या वायल रात्रभर मलमलच्या कापडाखाली निवू द्या आणि मगच प्लग लावा. गरम असताना प्लग लावला की काचेवर पाणी साचतं आणि माश्या त्यात चिकटतात. उलट फूड जुनं असेल तर सुकून काचेपासून सुटतं, फटीत माश्या आणि अळ्या अडकतात. बोटाने हलकं दाबा. घट्ट पण ओलसर लागलं पाहिजे.

पिठाकडेही बघा. पावसाळ्यात पोत्याला ओल येते, पिठाला कुबट वास सुटतो. असं पीठ टाकून द्या. साठवणीच्या धान्याला कीटकनाशक लावलेलं असू शकतं, हे त्याहून वाईट. एकदा नवं पोतं उघडलं आणि त्या आठवड्यात वाइल्ड टाइपसह सगळ्या वायलमध्ये अळ्या पहिल्याच अवस्थेत मेल्या. जुन्या पिठाचं फूड केलं, अळ्या जगल्या. आता नवं पोतं आलं की आधी पाच वायलपुरतं फूड करतो आणि त्यावर वाइल्ड टाइपची एक पूर्ण पिढी निघाल्यावरच पोतं वापरात घेतो.

बुरशी

बुरशी दिसली की हात आधी टेगोच्या बाटलीकडे जातो. थांबा. वाइल्ड टाइपच्या भरलेल्या वायलमध्ये बुरशी क्वचितच टिकते, कारण शेकडो अळ्या दिवसरात्र फूड उकरतात आणि बुरशीला वाढूच देत नाहीत. अळ्या कमी असल्या की बुरशी जिंकते. म्हणजे अळ्या कमी का झाल्या, हा खरा प्रश्न आहे. टेगो किंवा आम्ल वाढवलंत तर अळ्यांची वाढ आणखी मंदावते, त्या आणखी कमी होतात आणि पुढच्या वेळी बुरशी दुप्पट येते. हे चक्र मी स्वतः सुरुवातीच्या वर्षी दोन महिने फिरवलं आहे.

करायचं ते हे: प्रमाण आहे तेच ठेवा, पालक माश्या वाढवा. अशक्त स्टॉक लहान वायलमध्ये घाला, वर कोरड्या यीस्टचे चार दाणे टाका. काळे बीजाणू धरलेली वायल फ्लाय रूममध्ये उघडू नका. माश्या हव्याच असतील तर दुसऱ्या खोलीत काढा, नव्या वायलमध्ये एक दिवस ठेवा, परत बदला आणि पहिली फेका.

चकचकीत थर

हा जिवाणूंचा थर. अळ्या शेपटीकडच्या नळ्या फूडबाहेर काढून श्वास घेतात. वर बुळबुळीत साय धरली की त्यांना ते जमत नाही, म्हणून त्या भिंतीवर पळतात. सौम्य असेल तर माश्या रोज नव्या वायलमध्ये हलवा, तीन-चार दिवसांत सुटका होते. त्याने गेलं नाही तर फूडमध्ये प्रतिजैविक घालतात, पण ते मनाने करू नका. प्रतिजैविकाने माशीच्या पोटातले उपयोगी जिवाणूही जातात, टेट्रासायक्लिनने पेशींत राहणारा वोल्बाकिया हा जिवाणू जातो आणि तुमच्या प्रयोगाचा निकाल बदलू शकतो. मार्गदर्शकांशी बोला आणि कधी घातलं ते लेबलवर लिहा.

माइट

माइट निघाले की प्रयोगशाळेतले सगळे गप्प होतात, आणि ते रास्त आहे. हे कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव. काही जाती फूड आणि बुरशी खातात, काही माशीची अंडी खातात, काही माशीच्या अंगाला चिकटून दुसऱ्या वायलमध्ये जातात. प्लग आणि काच जिथे भेटतात तिथे भिंग फिरवा. भुकटीचा कण चालायला लागला तर तो माइट.

औषध मारू नका, त्याने माश्याच मरतील. वायल लगेच वेगळ्या खोलीत, साबणाच्या पाण्याने वेढलेल्या ट्रेवर ठेवा. माश्या दर दोन-तीन दिवसांनी नव्या वायलमध्ये हलवा. रिकामी झालेली प्रत्येक वायल आधी रात्रभर उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, मगच कचऱ्यात. माइट लागलेला स्टॉक दिवसाच्या शेवटी हाताळा, नंतर टेबल, कुंचला, पॅड सगळं पुसा, आणि त्या दिवशी पुन्हा स्वच्छ स्टॉकला हात लावू नका.

एवढ्याने गेले नाहीत तर अंडी धुवावी लागतात. द्राक्षरसाच्या अगारवर रात्रभर अंडी घ्या, पाण्यात निम्मं मिसळलेल्या घरगुती ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि नव्या फूडवर मांडा. ब्लीचने अंड्याचं बाहेरचं कवच निघतं, आतलं आवरण भ्रूणाला सांभाळतं आणि कवचावरची घाण व माइट वाहून जातात. पहिल्यांदा वाइल्ड टाइपच्या अंड्यांवर हात बसवा, मग मौल्यवान स्टॉकला लावा.

बाहेरून येणारा प्रत्येक स्टॉक दोन पिढ्या वेगळा ठेवा, कितीही ओळखीच्या प्रयोगशाळेतून आलेला असो. आमच्याकडे दोनदा माइट आले, दोन्ही वेळा पाहुण्या वायलमधून.

माश्या भरपूर, पण त्या तुमच्या नाहीत

हे सगळ्यात उशिरा लक्षात येतं, कारण वायल निरोगी दिसते. घातक उत्परिवर्तन सांभाळायला आपण बॅलन्सर वापरतो, म्हणजे उलटेपालटे केलेलं गुणसूत्र, ज्यावर डोळ्यांना दिसणारी खूण असते: कर्ली म्हणजे वर वळलेले पंख, स्टबल म्हणजे छातीवरचे आखूड जाड केस. अशा स्टॉकमध्ये प्रत्येक माशीला खूण हवी. सरळ पंखांच्या दिसू लागल्या तर उत्परिवर्तन हरवलं किंवा बाहेरची माशी शिरली. मात्र घाबरण्याआधी वायल कुठे होती ते बघा. १८ अंशांवर कर्ली पंख बरेचदा जवळजवळ सरळ दिसतात. एक पिढी २५ वर काढा आणि मग ठरवा.

आंब्याच्या दिवसांत खिडकीतून चिलटं येतात. पांढऱ्या डोळ्यांच्या स्टॉकमध्ये लाल डोळे दिसले, किंवा डोक्यापासून पाठीवर पांढरे रुपेरी पट्टे असलेली माशी दिसली (ही झॅप्रिओनस इंडियानस), तर घुसखोरी झाली आहे. खूण असलेल्या एकेक जोडीच्या दहा वायल लावा, पुढची पिढी तपासा आणि शुद्ध निघेल तीच पुढे न्या. खोलीत व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब टाकलेला सापळा बारा महिने ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

इनक्यूबेटर तापमान धरत नसेल तर वायल दुसरीकडे हलवा आणि तंत्रज्ञ बोलवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर फुसफुसत असेल किंवा बंद खोलीत डोकं जड झालं तर आधी बाहेर पडा, इतरांना बाहेर काढा आणि मग सुरक्षा विभागाला फोन करा. या वायूला वास नाही आणि तो जमिनीलगत साचतो. स्पॅनर हातात घेऊ नका.

प्रोपिऑनिक आम्ल डोळ्यांत किंवा अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

फूडच्या तीन बॅच बदलल्या, तापमान बरोबर आहे, माइट नाहीत आणि तरी वाइल्ड टाइपही बसतोय, तर विषाणू किंवा मायक्रोस्पोरिडिया (पेशींत वाढणारे सूक्ष्म परजीवी) असू शकतात. ते भिंगाखाली ठरत नाही, पीसीआर लागतो. नमुने उणे ८० वर ठेवा आणि ते काम करणाऱ्यांकडे द्या. बॅलन्सर मोडला आहे का, उत्परिवर्तन अजून आहे का, हेही खुणेवरून पक्कं होत नाही. डीएनएचा अनुक्रम तपासून घ्या.

आणि स्टॉकच्या दहापेक्षा कमी माश्या उरल्या असतील तर सगळे प्रयोग त्या क्षणी थांबवा. आहेत त्यांच्या दोन वायल करा, ताज्या फूडवर, दोन वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये. त्याच दिवशी मार्गदर्शकांना आणि ज्यांनी स्टॉक दिला त्यांना कळवा. मूळ स्टॉक इंडियाना विद्यापीठातल्या ब्लूमिंग्टन केंद्राचा असेल तर तो पुन्हा मागवता येतो, पण परदेशातून यायला वेळ लागतो, म्हणून आधी बंगळुरूच्या एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि म्हैसूर विद्यापीठाच्या स्टॉक सेंटरमध्ये विचारा. फोन करताना स्टॉक क्रमांक, वायलचा फोटो, शेवटच्या फ्लिपची तारीख, फूडची बॅच आणि शेजारच्या वाइल्ड टाइप वायलमध्ये काय दिसलं, हे समोर लिहून ठेवा. पलीकडचा माणूस हेच पाच प्रश्न विचारणार आहे.